डाव्या कुशीतली गाठ

वहिनींनी बसच्या सीटला शिव्या द्यायला सुरुवात केली तेव्हा डेपोतल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. बस चालवणारा माणूस सीटला, क्लचला, सिग्नलला आणि वेळापत्रकाला शिव्या देणारच. वहिनी तर कितीतरी वर्षं शहरातली बस चालवत होत्या. आजवर त्यांनी सीटला सोडून बाकी सगळ्यांना शिव्या दिल्या होत्या, आता सीटची पाळी आली एवढंच.

सगळा डेपो त्यांना वहिनी म्हणायचा, कारण वर्कशॉपमधला मेकॅनिक त्यांचा सख्खा दीर होता. तो वहिनी म्हणायचा म्हणून फिटर म्हणू लागले, फिटर म्हणायचे म्हणून ड्रायव्हर, आणि शेवटी त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले डेपो मॅनेजरसुद्धा. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं एवढंसं दुकान होतं. म्हणजे थोरला भाऊ मनगटावरची घड्याळं उघडून बसायचा आणि धाकटा बसची इंजिनं. घरात या दोघांच्या जोडीला सासूबाई होत्या. त्यांना काहीही उघडायला हत्यार लागत नसे, नुसतं तोंड पुरायचं.

वहिनींचं दुखणं पाठीच्या मधोमध नव्हतं, मानेतही नव्हतं. डावीकडे, बरगड्या संपतात तिथून खाली, कुशीत. असह्य म्हणावं असं नाही, पण कुणीतरी आतून अंगठा दाबून धरल्यासारखं. बस सुरू असताना दुखायचं आणि घरी अंथरुणावर पडल्यावरही दुखायचं. पण अंथरुणाला कोण दोष देणार? सीटला देता येतो.

"भाऊजी, तुमच्या त्या सीटच्या आत काहीतरी मोडलंय," त्या दिराला म्हणाल्या. "डाव्या बाजूने टोचतं."

दिराने सीट उघडली. आत काही मोडलेलं नव्हतं, तरी त्याने फोम बदलला. आठवड्याभरात वहिनी परत आल्या. मग त्याने स्प्रिंगा बदलल्या. तरी वहिनी पुन्हा त्याच्या दारात. शेवटी त्याने स्टोअरकीपरची मनधरणी करून एक अख्खी नवी सीट मिळवली आणि स्वतः बसवून दिली.

"आता मंत्र्यालासुद्धा अशी सीट मिळत नाही," तो म्हणाला.

चार दिवसांनी वहिनी डाव्या बाजूला उशी खोचून बस बाहेर काढताना त्याला दिसल्या.

तो चक्रावला. आपल्या हातून काम नीट होत नाही हे त्याला सहन होत नसे. त्याने गुपचूप एक गोष्ट केली. वहिनींच्या गाडीतली ती नवी सीट काढून त्याने दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या गाडीत टाकली, आणि त्याची वहिनींना दिली. या ड्रायव्हरला सगळे तक्रारमास्तर म्हणत. आरसा हलतो, पंखा कमी लागतो, प्रवासी मोठ्याने बोलतात, ऊन नेमकं माझ्याच डोळ्यांवर येतं, असं त्याचं दिवसभर चालायचं. सीटमध्ये राईएवढा दोष असता तर त्याने दुपारच्या आत डेपो डोक्यावर घेतला असता.

तक्रारमास्तरने त्या आठवड्यात ब्रेकबद्दल तक्रार केली, हॉर्नबद्दल केली, कँटीनच्या चहाबद्दल केली. सीटबद्दल अवाक्षर नाही. न राहवून दिराने विचारलंच.

"सीट?" तक्रारमास्तर विचारात पडला. "सीट झकास आहे की. एवढं एकच काम धड केलंत तुम्ही लोकांनी."

आणि वहिनींच्या डाव्या कुशीत अजून दुखतच होतं. दिराने हातातला पाना खाली ठेवला आणि हात पुसले.

संध्याकाळी गाडी आत आल्यावर त्याने वहिनींना बाजूला घेतलं.

"वहिनी, सीट बरी आहे. तुमचीही आणि आधीचीही. आता सीटची तपासणी झाली, तुमची करू या."

"मला काय धाड भरलीय?" वहिनींच्या नाकावर राग आला. "दिवसभर बसून काम करणाऱ्या प्रत्येकाचं अंग दुखतं. तुम्ही तुमचे नटबोल्ट बघा."

"हल्ली डबा अर्धा परत नेता तुम्ही."

"माझ्या डब्यात डोकावता?"

"डोकावतो. उरलेलं मीच खातो."

वहिनींना हसू आलं, पण त्यांनी विषय तिथेच तोडला. खरं तर जेवणाचं त्यांनाही कळत नव्हतं. चार घास खाल्ले की पोट तट्ट भरायचं, जणू आत कुणीतरी आधीच जागा धरून बसलंय. डोकंही सारखं जड असायचं. पण अशा गोष्टी अंगावर काढायची त्यांना इतकी सवय होती, की हे दुखणं आहे असं त्यांच्या मनातही येत नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, त्या न्हाणीघरातून बाहेर आल्या त्या जरा गप्पगप्पच. सासूबाई स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या.

"काय गं? चेहरा का उतरलाय?"

"काही नाही, आई. लघवीला जरा लालसर झाल्यासारखं वाटलं. काल बीट खाल्लं होतं ना, त्याने असेल."

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "बीट मीसुद्धा खाल्लं. तुझ्यापेक्षा जास्तच खाल्लं. मला नाही झालं लाल."

"सगळ्यांना होत नाही म्हणे."

"कोण म्हणे?"

सासूबाई उठल्या, हात धुतले, पदर नीट केला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन धाकट्याला म्हणाल्या, "चपला घाल. हिला डॉक्टरकडे न्यायचंय. आत्ता."

"मीही इतके दिवस तेच म्हणतोय," धाकटा म्हणाला.

"म्हणत होतास ना? मग उचलून का नाही नेलंस?"

डॉक्टरबाईंचा दवाखाना गल्लीच्या टोकाला होता. त्यांनी आधी प्रेशर घेतलं, आकडा बघून पुन्हा घेतलं. मग दुसऱ्या हाताला पट्टा बांधून तिसऱ्यांदा घेतलं. चांगलंच वाढलेलं होतं. वहिनींना झोपवून त्यांनी एक हात पाठीखाली आणि एक पोटावर ठेवला, आणि श्वास आत घ्यायला सांगितला. त्यांचा हात बरगड्यांच्या खाली थांबला, किंचित सरकला आणि पुन्हा तिथेच आला.

"इथे दुखतं?"

"दाबल्यावर जास्त."

"हाताला काहीतरी लागतंय," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "घाबरू नका, पण सोनोग्राफी उद्याच करून घ्या. लघवीतून रक्त गेलं असेल तर ते एकदाच गेलं म्हणून सोडून द्यायचं नसतं."

सोनोग्राफी करणारा तरुण डॉक्टर सुरुवातीला पावसापाण्याच्या गप्पा मारत होता. डाव्या बाजूला यंत्र आल्यावर तो बोलायचा थांबला. वहिनी छताकडे बघत पडून राहिल्या. पोटावर लावलेलं जेल गार पडत गेलं. अखेर त्याने इतकंच सांगितलं, की डाव्या किडनीवर एक गाठ दिसतेय, चांगली संत्र्याएवढी आहे, आणि ती कसली आहे हे सीटी स्कॅन केल्याशिवाय सांगता येणार नाही.

गाठ. एवढाच शब्द घेऊन वहिनी घरी आल्या.

सीटी स्कॅन झाल्यावर किडनीच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत मधे काही दिवस गेले, आणि ते सगळ्यात वाईट होते. केसाएवढ्या स्प्रिंगा सहज बसवणाऱ्या अबोल थोरल्या भावाने एका गिऱ्हाइकाचं साधं गजराचं घड्याळ उघडलं आणि ते त्याला परत जुळवता येईना. धाकटा भाऊ घरातली मुळीच न बिघडलेली प्रत्येक वस्तू दुरुस्त करत सुटला. नळ, कडी, मिक्सर, सासूबाईंच्या चष्म्याची दांडी. सासूबाईंचं तोंड बंद झालं, हे पाहून तर शेजारच्या बाई विचारायला आल्या, "बऱ्या आहात ना?"

वहिनी मात्र कामावर जायला निघाल्या होत्या. डॉक्टरबाईंनी फोनवर बजावलं, निदान होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. प्रेशरच्या गोळ्या सुरू झाल्या. दिवसभर घरात बसायची सवय नसलेल्या वहिनी खिडकीत उभ्या राहायच्या. समोरच्या रस्त्यावरून त्यांच्या मार्गावरची बस जायची. वळणावर ड्रायव्हर गिअर उशिरा टाकतो, हे त्यांना आवाजावरूनच कळायचं आणि त्या हळूच पुटपुटायच्या, "अरे, टाक की आता."

एकदा नवरा त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मला भीती वाटतेय," तो म्हणाला.

"मलाही," वहिनी म्हणाल्या.

त्या रात्री दोघांनाही जरा झोप लागली.

मोठ्या डॉक्टरांकडे सगळेच गेले. खोलीत खुर्च्या दोनच होत्या. एकीवर वहिनी, दुसरीवर सासूबाई. दोघे भाऊ भिंतीला टेकून उभे. डॉक्टर पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे. त्यांनी आधी भलतेच प्रश्न विचारले. घरात कुणाला फिट्स येतात का? चेहऱ्यावर लहानपणापासून पुटकुळ्या, अंगावर पांढरे चट्टे असं काही? किडनीच्या गाठी आणखी कुणाला? सगळ्यांचं उत्तर नाही असं आलं, म्हणजे घराण्यातून चालत आलेल्या आजाराची शक्यता कमी झाली. मग त्यांनी स्कॅन पडद्यावर लावला.

"ही तुमची उजवी किडनी, ठणठणीत. ही डावी. आणि हा इथे जो काळा भाग दिसतोय, ती गाठ. हा काळा रंग महत्त्वाचा आहे. स्कॅनमध्ये चरबी अशी दिसते."

"चरबी?" वहिनींनी विचारलं.

"हो. चरबी, स्नायू आणि रक्तवाहिन्या यांचा मिळून झालेला गोळा आहे हा. किडनीच्या गाठीत अशी चरबी दिसली, की ती जवळजवळ नेहमीच साधी गाठ असते. हा कॅन्सर वाटत नाही."

थोरल्याने भिंतीवर हात टेकला. आणि सासूबाईंचा आवाज आला, इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच त्यांच्या नेहमीच्या पट्टीत.

"बघा! लग्न होऊन आली तेव्हापासून सांगतेय, हिच्या अंगात चरबी आहे म्हणून. ऐकलं का कुणी माझं?"

वहिनी आधी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. डावी कूस दाबून धरत, डोळे पुसत, "आई, दुखतंय, हसवू नका," म्हणत त्या हसत सुटल्या. सासूबाईसुद्धा हसत होत्या, आणि हसता हसताच पदर तोंडाशी नेऊन रडायला लागल्या. वहिनींनी त्यांचा हात धरून ठेवला. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि सगळ्यांना सावरायला वेळ दिला.

धाकट्याला मात्र सगळं मुळापासून समजून घ्यायचं होतं. "डॉक्टर, मग इतके दिवस कळलं कसं नाही?"

"बहुतेकांना कधीच कळत नाही. अशी गाठ लहान असली तर काही त्रास देत नाही. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी करतात आणि ही सापडते. यांची मोठी झाली, आजूबाजूला दाबायला लागली. कुशीतलं दुखणं, लवकर पोट भरणं, लघवीतलं रक्त, हाताला लागणारा गोळा, वाढलेलं प्रेशर, ही सगळी तिचीच करणी असू शकते."

"कॅन्सर असता तर वेगळं काही झालं असतं?"

"नाही, हेच सगळं झालं असतं. आणि पुष्कळदा असं दुखणं नुसतं पाठीचं किंवा मुतखड्याचं निघतं. म्हणून तर लक्षणांवरून घरच्या घरी निकाल लावायचा नसतो. ना चांगला, ना वाईट. आत बघावं लागतं."

मग ते पुढे जरा गंभीर झाले. गाठ साधी असली तरी ती मोठी होती, आणि तिच्यातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती कच्च्या असतात. एखादी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. "अचानक असह्य दुखलं, घेरी आली, दरदरून घाम फुटला, तर माझ्या फोनची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत या. पण ती वेळ यायच्या आत आपण तिचा बंदोबस्त करू."

बंदोबस्त कसा करायचा हे त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी आत सरकवायची, ती किडनीपर्यंत न्यायची, आणि गाठीला रक्त पुरवणारी तेवढीच फांदी आतून बंद करून टाकायची. पोट फाडायचं नाही. किडनी जागेवर राहते. गाठीचं खाणंपिणं बंद होतं आणि ती हळूहळू आक्रसत जाते.

"म्हणजे इंजिनला हात न लावता एका नळीचा पुरवठा तोडायचा," धाकटा म्हणाला.

"अगदी तसंच."

"तुम्ही हे काम आधी केलंय ना? म्हणजे, पुष्कळदा?"

"भाऊजी!" वहिनी ओरडल्या.

"विचारू द्या," डॉक्टर हसून म्हणाले. "ते काम करणारे वेगळे डॉक्टर आहेत, त्यांचा हात फार चांगला आहे. तुम्ही त्यांनाही विचारा."

आणि त्याने खरोखरच विचारलं.

नळी घालायच्या दिवशी वहिनींना पूर्ण भूल दिली नव्हती, जांघेपुरती जागा बधिर केली होती. त्या जाग्या होत्या. वर एक मोठं यंत्र फिरत होतं, बाजूच्या पडद्यावर त्यांच्याच आतल्या रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या उमटत होत्या आणि मिटत होत्या. नळी चालवणारे डॉक्टर पडद्यावर नजर ठेवून बोटांच्या टोकांनी ती पुढे नेत होते. एका फाट्यावर ते थांबले, थोडे मागे आले, आणि मग बरोबर हव्या त्या बाजूला वळले. गर्दीच्या चौकात गाडी घालावी तसं. वहिनींना एकदम निर्धास्त वाटलं. हा माणूस घाई करत नाही, म्हणजे याला चालवता येतं.

थोडं गरम वाटलं, कुशीत एक बोथट कळ आली. मग डॉक्टर म्हणाले, "बंद झाली."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप चढला आणि कूस पुन्हा ठणकायला लागली. सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या नर्सच्या मागे लागल्या, नर्सने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी वहिनींना तपासलं, रक्त तपासायला पाठवलं आणि सांगितलं, की गाठीचा रक्तपुरवठा तुटला की पुष्कळांना काही दिवस ताप येतो, दुखतं, मळमळतं. लक्ष ठेवू, पण घाबरण्यासारखं काही दिसत नाही. गोळ्यांनी ताप उतरत गेला. घरी आल्यावर दोनेक दिवसांनी वहिनी सकाळी उठल्या तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जरा वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की दुखत नाहीये.

त्या दुपारी त्यांनी वाढलेलं सगळं खाल्लं आणि वर भाजी मागितली. सासूबाईंनी भांडंच समोर आणून ठेवलं.

पुढे सगळं काही एका झटक्यात ठीक झालं असं नाही. प्रेशरची एक गोळी चालूच राहिली. अधूनमधून स्कॅन करून गाठीवर नजर ठेवायची होती, आणि पुन्हा वाढली तर पुन्हा बघायचं होतं. काही महिन्यांनी केलेल्या स्कॅनमध्ये ती निम्म्याहून लहान झालेली दिसली. मोठ्या डॉक्टरांनी बस चालवायला हरकत नाही असं सांगितलं. डेपोच्या डॉक्टरांनीही तपासून होकार दिला.

पहिल्या आठवड्यात वहिनींना सोपा मार्ग मिळाला होता, शहराबाहेरच्या तळ्यापर्यंतचा. रविवार होता, गर्दी बेताची. बाजाराच्या स्टॉपवर दार उघडलं आणि चढणाऱ्यांमध्ये त्यांना स्वतःचा नवरा दिसला. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. इतकी वर्षं बायको बस चालवत होती, पण तो तिच्या बसमध्ये कधी बसला नव्हता. दुकान आणि घर पायी चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे बसशी संबंधच नव्हता.

"शेवटच्या स्टॉपचं एक," त्याने कंडक्टरला सांगितलं आणि पैसे पुढे केले.

कंडक्टरने त्याला ओळखलं. "अहो, तुम्ही कशाला..."

"द्या. तिकीट काढूनच बसतो."

तो डावीकडच्या पहिल्या बाकावर बसला, जिथून ड्रायव्हर दिसतो. वहिनींनी आरशात दोन-तीनदा बघितलं. तो बाहेर बघत नव्हता, त्यांच्याकडेच बघत होता, एखादं घड्याळ किती नीट चालतंय हे बघावं तसा.

तळ्याशी सगळे उतरले. कंडक्टर चहाच्या टपरीकडे गेला. इंजिन बंद केल्यावर एकदम शांत झालं. पाण्यावरून वारा येत होता.

"शेवटचा स्टॉप आला," वहिनी मागे वळून म्हणाल्या. "उतरा, साहेब."

"परतीचं तिकीट काढणार आहे." तो पुढे वाकला. "तू वळण घेताना जीभ बाहेर काढतेस. माहितीये तुला?"

"काहीतरीच काय!"

"खरंच. लहान पोरं चित्र रंगवताना काढतात तशी. प्रत्येक वळणाला."

"आणि एवढं बघायला आलात होय?"

"हो," तो म्हणाला. "एवढंच बघायला आलो."

वहिनी लाजल्या, आणि ते लपवायला उगाचच आरसा पुसायला लागल्या. थोड्या वेळाने कंडक्टर तीन चहा घेऊन आला. त्यांनी तो तिथेच, उघड्या दारात बसून प्यायला. मग परतीचे प्रवासी चढायला लागले, वहिनी जागेवर बसल्या आणि बस सुरू झाली. तळ्याच्या कडेचं मोठं वळण आलं तेव्हा त्यांनी ओठ घट्ट मिटून धरले. मागून नवऱ्याचं हसणं ऐकू आलं आणि त्यांनाही हसू फुटलं. बस मात्र वळणातून अगदी सरळ बाहेर पडली.